रस्त्याकाठची मावशी

आमच्या घरी उभ्याने खाणे हे असंस्कृतपणाचे लक्षण मानले जाई. पाट मांडायचा, जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणायची आणि मगच ताटाला हात लावायचा, हा शिरस्ता आईने शेवटपर्यंत पाळला. रस्त्यात उभे राहून खाणाऱ्याला ती 'वाटसरू' म्हणे आणि त्या शब्दात कीव असे. हे आठवण्याचे कारण म्हणजे, २०२३ सालच्या नोव्हेंबरअखेरीस मी सोल येथे लेकीकडे गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिने मला घरी नेण्याआधी मेट्रो स्थानकाच्या तोंडाशी असलेल्या ताडपत्रीच्या एका आडोशाला नेऊन उभे केले. "पप्पा, आधी काहीतरी गरम खा. मग चढ चढू." थंडी शून्याच्या खाली गेली होती. हातांत लोकरी मोजे, डोक्यावर वसईहून नेलेली माकडटोपी, अशा थाटात मी आयुष्यातील पहिले कोरियन अन्न उभ्यानेच खाल्ले.

त्या आडोशात मावणारे जग फार लहान होते. एका बाजूला पसरट लोखंडी परातीत रक्तासारखा लाल रस्सा खदखदत होता. दुसऱ्या बाजूला चौकोनी भांड्यात लाकडी काड्यांना टोचलेले काहीतरी उकळत होते. मागे तळणाचा ढीग. मध्ये साठीच्या आसपासची एक बाई, कमरेला एप्रन, बाह्यांवर कापडी खोळी, गाल थंडीने आणि वाफेने तांबडे झालेले. प्लास्टिकच्या बशीला तिने आधी एक पातळ पिशवी चढवली आणि मग तीत पदार्थ वाढला. खाऊन झाले की पिशवी उलटून टाकायची. बशी धुवावी लागत नाही. जिथे पाण्याचा नळ नाही तिथे सुचलेली ही युक्ती पाहून मला तिच्याविषयी आदर वाटला.

माझी लेक तिला म्हणाली, "इमो, एक तोकबोक्की."

'इमो' म्हणजे काय, मी विचारले. "मावशी," ती म्हणाली. "आईची बहीण. इथे टपरीवाल्या बाईला, खानावळीतल्या बाईला, सगळ्यांना इमोच म्हणतात. आत्या नाही हं, मावशीच." मी चपापलो. थंडीमुळे असेल असे लेकीला वाटले असावे. मी बशीकडे पाहू लागलो.

तोकबोक्की हा या रस्त्यांचा राजा. तांदूळ वाफवून, कुटून, त्याची घट्ट उकड यंत्रातून बोटाएवढ्या जाडीच्या कांड्यांच्या रूपात काढतात आणि त्या कांड्या गोचुजांग नावाच्या मिरचीच्या आंबवलेल्या वाटणात, थोड्या साखरेसह शिजवतात. दात रुतताना कांडी विरोध करते, रबरासारखी मागे येते, आणि मगच शरण जाते. तिखट आणि गोड एकदमच जिभेवर येतात. आपल्या आंबट-तिखटाच्या सवयीला हे चमत्कारिक वाटते. पहिल्या दिवशी मला ते आवडले असे म्हणवणार नाही. तिसऱ्या दिवशी मी लेकीला न सांगता एकटा खाली उतरलो.

या पदार्थाचा जुना अवतार राजवाड्यातला. सोया सॉस, गोमांस आणि भाज्या घालून केलेला, तिखटाचा स्पर्श नसलेला. लाल तोकबोक्कीचा मान सोलच्या सिन्दांगदोंग भागातील मा बोक-रिम या बाईंना दिला जातो. १९५३ साली, युद्ध थांबले त्याच वर्षी, त्यांनी रस्त्यावर ती विकायला आरंभ केला. एका चिनी खानावळीत त्यांच्या हातातील तांदळाची वडी चुकून काळ्या सॉसच्या वाडग्यात पडली आणि त्या चवीवरून त्यांना गोचुजांगची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. पुढे १९९०च्या दशकात त्या मिरचीच्या वाटणाच्या एका दूरदर्शन जाहिरातीत झळकल्या. आपल्या मसाल्याचे गुपित सुनेलासुद्धा ठाऊक नाही, हे त्यांचे म्हणणे देशभर म्हणीसारखे रूढ झाले. आमच्या गावातील बाटलीमसाल्याच्या जाणकार सासवांना ते पटले असते. २०११ साली त्या वारल्या. तोपर्यंत त्यांच्या टपरीभोवती तोकबोक्कीची अख्खी गल्ली उभी राहिली होती.

मात्र 'गुपित' म्हणून जे सांगितले जाते त्यामागे दारिद्र्याचा मोठा हात आहे. युद्धानंतर तांदूळ मिळेना. अमेरिकेहून मदतीचा गहू येई. १९६० आणि ७०च्या दशकांत तेथील सरकारने लोकांना तांदूळ कमी खाऊन पिठाचे पदार्थ खाण्याचा आग्रह धरला. आठवड्यातील ठरावीक दिवशी उपाहारगृहांत भात वाढण्यास मनाई होती. तांदळाच्या कांडीची जागा गव्हाच्या कांडीने घेतली. अशा स्वस्त खाण्याला 'बुन्शिक', म्हणजे पिठाचे खाणे, हे नाव पडले. आज तांदूळ मुबलक आहे, तरीही कित्येक कोरियन माणसे गव्हाची कांडीच मागतात, कारण त्यांच्या शाळेबाहेर तीच मिळत असे. हे ऐकताना मला रेशनवरचा तांबडा मिलो आठवला. त्याच्या भाकऱ्या गळ्याखाली उतरत नसत. पण तो मिलो आज कोणी आणून दिला तर मी एक भाकरी नक्की खाईन.

काड्यांना टोचलेला जो पदार्थ उकळत होता तो ओमुक. वाटलेल्या माशाच्या लगद्याची पातळ पोळी घड्या घालून काडीवर चढवलेली असते. जपानी अमलात, १९१० ते १९४५ या काळात, हा प्रकार तिकडून आला, म्हणून जुनी माणसे अजून त्याला 'ओदेंग' हे जपानी नाव देतात. तो मुळा आणि समुद्री शेवाळाच्या पाण्यात उकळत ठेवतात, आणि ते पाणी कागदी पेल्यात फुकट मिळते. खाऊन झाल्यावर इमो तुमच्यापुढील काड्या मोजते आणि तेवढेच पैसे घेते. माझ्या मते कोरियन रस्त्यावरील सर्वोत्तम पदार्थ तो फुकटचा पेला आहे. ज्याच्या घशाखाली तो एकदा गेला, त्याला सोलची थंडी पुन्हा तेवढी परकी वाटत नाही.

सुन्दे पाहून माझी लेक जरा बिचकली होती. मी अजिबात बिचकलो नाही. डुकराच्या आतड्यात रक्त आणि रताळ्याच्या पिठाच्या शेवया भरून वाफवलेला हा काळसर जिन्नस सोबतच्या काळीज-फुप्फुसाच्या तुकड्यांसह मिठाशी खातात. ज्याने लहानपणी नाताळात रक्त घातलेले सोरपोटेल तीन-तीन दिवस मुरवून खाल्ले आहे, त्याला हे नवे नव्हे. एवढेच की, त्यांनी त्यात सिर्का घातला नाही. हार पत्करावी लागली ती पोंदेगीपुढे. रेशमाचा धागा उलगडून घेतल्यावर कोशात जो किडा उरतो, तो उकडून कागदी पेल्यात देतात. देशात रेशीम-उद्योग जोरात होता त्या काळातील हे गरिबांचे मांस. वासाला मी नावे ठेवणार तोच लेक म्हणाली, "पप्पा, आपल्या घरी सुकट भाजतात तेव्हा शेजारचे काय म्हणत असतील?" मी एक खाल्ला. दुसरा खाल्ला नाही.

मिरचीविषयी थोडे सांगायला हवे. गोचुजांगशिवाय कोरियन माणूस जगेल अशी कल्पना करवत नाही, तरी मिरची त्यांची नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जपानशी झालेल्या युद्धाच्या सुमारास ती तिकडे पोहोचली असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि जपानला ती पोर्तुगीज गलबतांनी नेली. म्हणजे ज्या व्यापाऱ्यांनी आमच्या आजीच्या पाट्यावर मिरची आणून ठेवली, त्यांच्याच भाईबंदांनी ती इमोच्या परातीपर्यंत जाण्याची सोय केली. गोचुजांग करताना मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनचे पीठ आणि मीठ एकत्र करून मातीच्या रांजणात महिनोन् महिने उन्हात ठेवतात. २०२४ साली युनेस्कोने ही वाटणे आंबवण्याची परंपरा जगाच्या अमूर्त वारशात नोंदवली.

त्या रांजणाला 'ओंगी' म्हणतात, आणि त्याची कथा आपल्या वाचकांना जवळची वाटेल. एकोणिसाव्या शतकात कोरियातील ख्रिस्ती लोकांचा भीषण छळ झाला. जे वाचले ते डोंगरांत पळाले. शेतजमीन नाही, नाव सांगण्याची सोय नाही. अशा वेळी कित्येक कुटुंबांनी ओंगी घडवण्याचे आणि ते पाठीवर लादून गावोगाव विकण्याचे काम पत्करले. कुंभार हा हलका धंदा मानला जाई, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नसे. विक्रीच्या निमित्ताने फिरणारा माणूस लपलेल्या ख्रिस्ती वस्त्यांना एकमेकींची खबर देई. जेचोनजवळील पेरोन हे अशाच कुंभारांचे गाव. सोलचे कार्डिनल स्टीफन किम सू-ह्वान यांचे आजोबा अशा छळात प्राणास मुकले आणि वडील ओंगी विकून पोट भरत. कार्डिनल झाल्यावरही त्यांनी स्वतःसाठी टोपणनाव घेतले ते 'ओंगी'. वडिलांच्या पाठीवरचे ओझे त्यांनी आपले नाव म्हणून मिरवले, हे लेकीच्या तोंडून ऐकले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

रविवारी आम्ही म्योंगदोंगच्या कॅथीड्रलमध्ये मिस्साला गेलो. १८९८ साली उभे राहिलेले ते विटांचे मंदिर टेकाडावर आहे आणि टेकाड उतरले की दुपारनंतर खाद्यगाड्यांची रांगच्या रांग लागते. तेथील खाणे मला रुचले नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्यावर त्यावर चीज ओतलेले. सळईवर गुंडाळलेला लांबच लांब बटाटा. काडीवरच्या तळलेल्या सॉसेजवर चक्क साखर भुरभुरलेली. हे पाहुण्यांसाठी मांडलेले खाणे आहे, छायाचित्रासाठी. अपवाद अंडापावाचा, लांबट गोडसर पावात अख्खे अंडे भाजलेला तो पाव सकाळच्या न्याहारीलाही चालेल.

पण त्याच टेकाडाची दुसरी आठवण लेकीच्या एका कोरियन सहकाऱ्याने सांगितली. १९८८च्या ऑलिंपिकसाठी शहर देखणे दिसावे म्हणून हातगाड्या हटवण्यात आल्या, वस्त्या पाडण्यात आल्या. सांग्येदोंगमधून उठवलेली कुटुंबे १९८७ साली या कॅथीड्रलच्या आवारात तंबू ठोकून राहिली होती. तो सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे वेगळीच गाडी येत होती. मुंबईच्या एका उपनगरात, स्टेशनबाहेर, "गाडी आली, गाडी आली" अशी हाक उठे आणि फूटपाथवरच्या बाया पाट्या उचलून पळत. माझी आई त्या बायांत असे. एकदा तिला पळता आले नाही. त्या दिवशी ती रिकाम्या हाताने घरी आली आणि पाटी कुठे गेली, असे आम्ही कोणी विचारले नाही.

आमची वाडी लहान होती. राजेळी केळी, थोडी पानवेल, थोडी फुले. पावसाळा सरला की आई केळी सोलून उन्हात वाळवी. सात-आठ दिवसांनी ती मधाच्या रंगाची होत. मग केळीच्याच वाळक्या पानांत त्यांचे पुडे बांधी. ही सुकेळी घेऊन ती पहाटेच्या लोकलने मुंबईला जाई. लाल लुगडे, डोक्यावर पाटी. त्याच पैशांतून माझी कॉलेजची फी भरली जाई.

१९७४ सालचा डिसेंबर असावा. कॉलेजचे तिघे मित्र आणि मी त्या उपनगरात कोणाच्या तरी घरी निघालो होतो. स्टेशनचा जिना उतरलो आणि समोर आई बसलेली. मित्रांपैकी एकजण नेमका तिच्यापुढेच वाकला. "मावशी, कशी दिली सुकेळी?" तिने भाव सांगितला. माझ्याकडे एकवार पाहिले. मी खांबावरचे सिनेमाचे पोस्टर वाचत होतो. त्या क्षणी एक शब्द पुरेसा होता, आणि तो माझ्या तोंडून निघाला नाही. मित्राला पुडा देऊन तिने माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाली, "तुम्हांला काही हवंय का?"

ती मला 'तुम्ही' म्हणाली. माझी आई. मी एक पुडा मागितला. सकाळी तिनेच दिलेल्या पैशांतून तिला पैसे दिले. तिने सुटे मोजून माझ्या तळहातावर ठेवले. बोटांना केळीचा चीक लागून काळे डाग पडलेले होते. तो पुडा मी घरी नेऊ शकलो नाही. लोकलच्या फळीवर ठेवून उतरलो. रात्री तिने नेहमीप्रमाणे पाट मांडला, प्रार्थना म्हटली आणि मला वाढले. पुढे मी शिक्षक झालो, चार माणसांत नाव झाले. १९९८ साली ती गेली. तो विषय तिने कधी काढला नाही आणि मीही नाही. पापनिवेदनाच्या वेळी मी तो एकदा उच्चारला आहे. तिच्यापुढे मात्र नाही.

हे सारे मी लेकीला सांगितले ते एका माशामुळे. मासा म्हणजे बुंगोप्पांग. 'बुंगो' हा गोड्या पाण्यातील मासा आणि 'प्पांग' म्हणजे पाव. हा शब्दही पोर्तुगीजच, आपला 'पाव' ज्या मुळापासून आला त्याच मुळाचा, जपानमार्गे तिकडे गेलेला. माशाच्या आकाराच्या लोखंडी साच्यात पीठ ओतायचे, आत तांबड्या शेंगदाण्यांचे नव्हे, तर चवळीहून बारीक अशा तांबड्या कडधान्याचे गोड पुरण भरायचे, साचा मिटून उलटसुलट करायचा. हा हिवाळ्याचा खाऊ. २०२७च्या ऑगस्टमध्ये जागतिक युवा दिनासाठी आपल्या धर्मग्रामांतून जी मुले सोलला जाण्याचे मनात धरून आहेत, त्यांना ऐन उन्हाळ्यात रस्त्यावर तो क्वचितच दिसेल. ज्याच्या घराजवळ बुंगोप्पांगची गाडी, तो भाग्यवान, असे तिथे गमतीने म्हणतात. आणि ही गाडी रोख पैसेच घेते म्हणून लोक थंडीत खिशात सुट्या नोटा ठेवून फिरतात. दोन-तीन मासे एक-दोन हजार वॉनना मिळत. हजार वॉन म्हणजे तेव्हाचे साठ-पासष्ट रुपये.

लेकीच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक म्हातारी ही गाडी लावी. त्या संध्याकाळी तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले, साच्याकडे बोट दाखवले आणि हसत काहीतरी म्हणाली. लेकही हसली. "पप्पा, ती म्हणते आपण दोघं बुंगोप्पांग आहोत. एकाच साच्यातले. बाप आणि लेक, आई आणि मूल अगदी सारखे दिसले की इथे असंच म्हणतात."

"तू माझ्यासारखी नाहीस," मी म्हणालो. "तू आजीसारखी आहेस. सगळे म्हणतात."

"मग तुम्हीही आजीसारखेच असणार."

कागदी पिशवी हातात, आम्ही चढ चढू लागलो. पिशवीतून ऊब येत होती. अर्ध्या चढावर मी थांबलो. दम लागला म्हणून, असे तिला वाटले. तिथे, बंद दुकानाच्या पायरीवर बसून, मी तिला सुकेळीची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षे न सांगितलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. ती काहीच बोलली नाही. "आजींना वाईट वाटलं नसेल," असे काहीतरी ती म्हणेल अशी मला आशा होती, हे मी कबूल करतो. ती तसे म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "पुडा केवढ्याला होता?" मला आठवले नाही. सगळे आठवते, भाव तेवढा आठवत नाही.

घरी आलो तेव्हा मासे थंड झाले होते. आम्ही ते टेबलाशी बसून, प्रार्थना म्हणून खाल्ले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी स्थानकाच्या तोंडाशी इमोकडे उभा होतो. आता ती मला ओळखू लागली होती. मागण्यापूर्वीच पाण्याचा पेला पुढे करी. माकडटोपी हनुवटीपर्यंत ओढलेली, एका हातात काडी, दुसऱ्या हातात पेला, स्वेटरवर तोकबोक्कीचा एक लाल थेंब. पलीकडून लेक येताना दिसली. बरोबर तिच्या प्रयोगशाळेतील तिघेजण होते. त्यांतील वयाने मोठे, चांगला कोट घातलेले गृहस्थ बहुधा तिचे प्राध्यापक असावेत. मी पाठ वळवून परातीकडे पाहू लागलो. तिला हवे असेल तर ती सरळ पुढे जाईल, एवढी सोय मी करून दिली होती.

"पप्पा!" तिने रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारली, मोठ्याने, मराठीत. चौघेही रस्ता ओलांडून आले. तिने माझ्या कोपराला धरले आणि त्यांना म्हणाली, "उरी आप्पा." आमचे बाबा. कोरियन भाषेत 'माझे' म्हणत नाहीत, आमचे म्हणतात. त्या गृहस्थांनी कमरेत वाकून नमस्कार केला. इमोने कागदी पेल्यांत पाणी ओतायला घेतले. मी घाईघाईने काडी खाली ठेवली आणि एका हाताने डोक्यावरची टोपी ओढून काढू लागलो.

"असू द्या, पप्पा," लेक म्हणाली. "थंडी आहे."